वास्तूचा धनी कोण?

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील जुने सरदारी वाडे आजही विक्रीस निघतात. 1804 च्या नागरी संहितेने तेथील मुलांना वारशात समान हक्क दिला. एका वाड्याचे अनेक वारस झाले. छपराच्या दुरुस्तीचा खर्च मात्र एकालाही पेलवेना. मग एखादा धनिक येतो आणि इतिहास विकत घेतल्याच्या समाधानात किल्ल्या खिशात टाकतो.

परंतु इतिहास विकत घेता येतो काय? 1913 च्या फ्रेंच कायद्यान्वये संरक्षित ठरलेल्या वास्तूत मालकालाही शासनाच्या अनुमतीवाचून फेरबदल करता येत नाहीत. पैसा त्याचा, भिंत मात्र त्याच्या एकट्याची नव्हे.

पश्चिम फ्रान्समधील ला मोत-शांदेनिए हा वाडा 1932 साली आगीत जळाला. छप्पर गेले, दालनांतून झाडे वाढली. 2017 साली 115 देशांतील 25 हजारांहून अधिक लोकांनी, कोणी अवघे 50 युरो देऊन, सुमारे 16 लाख युरो जमविले व तो सामायिकपणे विकत घेतला. एवढ्या पैशात कोणालाही तेथे स्वतःची खोली मिळणार नव्हती.

भुकेल्या जगात पडक्या भिंतींवर पैसा का खर्चावा, हा प्रश्न रास्तच आहे. केवळ मिरवण्यासाठी वाडा घेणाऱ्यापाशी त्याचे उत्तर नाही. त्या अनेकांपाशी थोडे तरी आहे: भिंती सरदाराच्या नावाच्या असल्या, तरी त्या अनाम गवंड्यांच्या घामाने उभ्या राहिल्या. तो घाम मातीत जाऊ न देणे, एवढेच त्यांनी विकत घेतले.

जे आपल्या आधी होते आणि आपल्यानंतरही राहावयाचे आहे, त्याचे आपण धनी नसतो, राखणदार असतो.