गाठीचा आकार आणि गाठीचं काम

सावकाश बसा. उजव्या हाताची बोटं डाव्या काखेत हलकेच टेकवा. काही शोधू नका, दाबू नका. बोटांखाली लसिकाग्रंथी आहेत, घेवड्याच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. अशा शेकडो ग्रंथी मानेत, जांघेत, पोटात पसरलेल्या आहेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते यांचंच काम. एरवी त्या आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता एका प्रश्नापाशी थांबा. कर्करोग पसरू लागला की पुष्कळदा आधी या ग्रंथींत शिरतो. तो शिरला आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं? सीटी स्कॅन आणि साधा एमआरआय मुख्यतः आकार पाहतात. ग्रंथी आठ-दहा मिलिमीटरपेक्षा मोठी झाली की संशय घ्यायचा. पण साध्या संसर्गानेही ग्रंथी सुजते, आणि कर्करोग असलेली ग्रंथी लहानच राहू शकते.

इथे लोहाच्या ऑक्साइडचा एक कण मनात आणा. त्याच्यावर डेक्स्ट्रान या शर्करेचं आवरण आहे. कण वीस-तीस नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सलाइनमधून असे असंख्य कण शिरेत सोडले जातात. घाई करू नका, कणही करत नाहीत. ते रक्तात फिरतात, हळूहळू केशवाहिन्यांबाहेर झिरपतात, लसिकेबरोबर ग्रंथीपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. याला सुमारे एक दिवस लागतो.

मग एमआरआय काढतात. लोहामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, संकेत पुसला जातो आणि निरोगी ग्रंथी काळी दिसते. जिथे कर्करोगाच्या पेशींनी भक्षक पेशींची जागा घेतली, तिथे कण गिळायला कोणी उरलेलं नसतं. तो भाग उजळच राहतो.

या उलट्या खुणेवर थोडा वेळ मन ठेवा. इथे काळोख आरोग्याचा आहे. ग्रंथी किती मोठी आहे हे चित्र विचारत नाही. ती अजून आपलं काम करते आहे का, एवढंच विचारतं.

या प्रश्नाने काय साधलं? २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मुकेश हरिसिंघानी, नेदरलँड्समधल्या नायमेगेनचे येले बारेन्ट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. प्रोस्टेट कर्करोगाचे ८० रुग्ण, तपासलेल्या ३३४ ग्रंथी. त्यांपैकी ६३ ग्रंथींत कर्करोग होता आणि त्यातल्या ४५ नेहमीच्या निकषांनी संशयास्पद ठरत नव्हत्या. ग्रंथीगणिक पाहिलं तर साध्या एमआरआयने बाधित ग्रंथींपैकी ३५.४ टक्के ओळखल्या, कणांच्या मदतीने ९०.५ टक्के.

त्या ४५ ग्रंथींचा विचार करा. प्रत्येक ग्रंथीमागे एक माणूस आहे, आणि त्याच्या शस्त्रक्रियेचा किंवा किरणोपचाराचा बेत तिच्यावर अवलंबून आहे.

मर्यादाही शांतपणे पाहा. मूठभर पेशींची लागण या चित्रातही निसटू शकते. या कणांना औषध म्हणून परवाना मिळवण्याची वाटही अवघड निघाली. २००७ मध्ये युरोपातला अर्ज मागे घेतला गेला. नायमेगेनच्या संशोधकांनी पुढे हे काम पुन्हा हाती घेतलं. ज्या साधनाने एवढं दाखवलं, ते रुग्णांपर्यंत सहज पोहोचू नये, याचं दुःख वाटायलाच हवं.

शेवटी त्या कणाचं काय होतं, तेही पाहा. भक्षक पेशी त्याला हळूहळू विरघळवते, आणि त्यातलं लोह शरीराच्या साठ्यात जाऊन पुढे रक्त घडवायला वापरलं जातं.

आता हात खाली घ्या. एक गोष्ट मात्र सोबत ठेवा: लहान म्हणून निर्धास्त राहू नका, मोठी म्हणून खचू नका. मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, तर दुखत नसली तरी डॉक्टरांना दाखवा.