भुशातला वास

स्वस्थ बसा. डोळे मिटू नका. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आहे.

काचेवर सलाइनचा एक थेंब आहे. पांढऱ्या उंदरिणीच्या योनिमार्गात सोडून तो सकाळी हलकेच परत ओढून घेतलेला. त्यात गोल पेशी दिसतात, द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना बिलगलेल्या, प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका. ती माजाच्या उंबरठ्यावर आहे. (‘माज’ म्हटलं की आपल्याला माणसांचा उद्धटपणा आठवतो; गोठ्यात हा शब्द नुसती वेळ सांगतो.) घाई नको. तेवढाच घड बघत राहा.

उद्या ठिपके नसतील. वाळून सुटलेल्या पापुद्र्यांसारखे, कडा फाटलेले तुकडे असतील. हा माज. मधल्या रात्री, अंधारात, आठ-दहा बीजं सुटून गेलेली असतील. मग पापुद्र्यांत बारीक पांढऱ्या पेशी शिरतात, आणि पुढे बहुतेक त्याच उरतात. दोन-तीन दिवस ही सामसूम. पुन्हा घड. सगळं मिळून चार-पाच दिवस. गाईला एकवीस लागतात. उंदरिणीला रक्तस्राव मात्र होत नाही.

1917 साली स्टॉकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी गिनिपिगचं चक्र असं थेंबातून वाचलं. बायकांची पॅप चाचणी याच पापानिकोलाउंच्या नावाची. उंदरिणीचं चक्र 1922 मध्ये एडगर ॲलन यांनी मांडलं.

आता डोळा काढा. पिंजऱ्याकडे बघा.

नुसत्या माद्या दाटीवाटीनं एकत्र ठेवल्या, की त्यांचं चक्र रेंगाळतं, कधी थांबतंच. नर आणू नका. त्याच्या पिंजऱ्यातला मुताने भिजलेला भुसा मूठभर टाका. तिसऱ्या रात्री त्यांतल्या बऱ्याच जणी एकदम माजावर येतात. व्हिटन यांनी 1956 मध्ये नराच्या सान्निध्याचा हा परिणाम नोंदवला, म्हणून तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. मला यातलं थांबणं जास्त विलक्षण वाटतं. बीजकोष तिच्या पोटात, पण त्याची चाल ठरते ती नाकावाटे.

एक श्वास घ्या, सावकाश. तुमच्या खोलीत आत्ता कसला वास आहे? त्याला नाव देऊ नका. येऊ द्या, जाऊ द्या.

काच धुवा. वहीत आजची तारीख लिहा, पिंजरा फळीवर ठेवा. ती भुशात नाक खुपसून बसली आहे, मिशा थरथरताहेत. सात वाजता दिवे आपोआप मालवतील.