विश्वासाचा तिसरा साक्षी

अंबा नदीच्या पात्रातून भरतीचे पाणी नागोठण्यापर्यंत चढते. पक्के रस्ते आणि रेल्वे येण्यापूर्वी याच भरतीवर गलबते नागोठण्याच्या बंदराला लागत आणि गावाचा व्यापार चाले. परंतु जे पाणी व्यापाऱ्याला सोयऱ्यासारखे वाटे, तेच धरमतरच्या खाडीकाठी, पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या सखल पट्ट्यात, भात पिकविणाऱ्या कुळाचे वैरी होते, आणि म्हणून तेथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखलमातीचे बांध घालून समुद्राकडून जमीन मागून घेतली. ह्या जमिनीला खार म्हणतात. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला मिटणारे जे दार बांधात असते ती उघाडी, आणि बांध फुटून पडते ती खांड.

एका खारीत अनेकांची शेते असतात, पण समुद्राच्या बाजूचा बांध सर्वांचा मिळून एकच. खेकड्याने पोखरलेले एखादे बीळ वेळीच बुजविले गेले नाही, तर उधाणाच्या रात्री तेथेच खांड पडते आणि खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. मग त्या मातीतले मीठ धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे जावे लागतात. जुन्या शिलोत्री वहिवाटीत शिलोत्रीदार हा बांध राखी आणि त्याबद्दल बिघ्यामागे मणभर भात घेई. अन्यत्र जोळ पद्धतीने घरोघरची माणसे मिळून बांधबंदिस्ती करीत. व्यवस्था कोणतीही असो, प्रत्येकाचे पीक अशा एका माणसाच्या हातावर विसंबून असे, की ज्याचे काम अंधारात, पलीकडच्या टोकाला चालू असल्याने त्याच्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. सहकार्याने चालणाऱ्या प्रत्येक कामात, मग ते कचेरीतले असो वा कारखान्यातले, हाच प्रश्न दडलेला असतो: न दिसणाऱ्या हातावर विसंबण्याचा आधार कोणता?

धर्मचिंतकांनी याचे उत्तर बहुधा श्रद्धेत शोधले आहे. परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायाने श्रद्धेचेही सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले, यावरून केवळ श्रद्धा असणे पुरेसे नाही, ती कशावर ठेवली आहे हे पाहावे लागते, एवढे तरी स्पष्ट होते. शिवाय श्रद्धा वर पाहते, विश्वास शेजारी पाहतो. ‘विश्वास’ शब्दाच्या मुळाशी ‘श्वस्’ हा धातू आहे; ज्याच्या सान्निध्यात छातीवरचे दडपण उतरून श्वास मोकळा होतो, तेथे विश्वास असतो. हा मोकळा श्वास आज्ञेने मिळत नाही आणि करारानेही मिळत नाही. करार फार तर खांड पडल्यानंतर दंड कोणी भरावा हे ठरवील.

याच खारपट्ट्यात विश्वास ढासळल्याचा दाखलाही आहे. 1933 साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले, आणि तो संप 1939पर्यंत चालला. कष्ट कुळाचे आणि वाटा ठरविण्याचा अधिकार खोताचा, अशा व्यवस्थेत कुळाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला मुकाट राहण्यास सांगणे होय. जो स्वतः दप्तर उघडीत नाही आणि दुसऱ्याकडून मात्र निष्ठा मागतो, तो विश्वासाचे नाव घेऊन ताबेदारीच मागत असतो. हिशेब उघडा ठेवणे हा विश्वासाचा अपमान नसून त्याची रुजवात आहे.

मग विश्वास कोठे टिकतो? रोह्यात 1920 साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारात ‘मत्स्यगंधा’ नावाचा प्रयोग झाला. मच्छीमार पाळीपाळीने नौकेवर जाऊन श्रम देत आणि मिळकत कोणा एकाची न मानता देवाची मानीत. तिचा उपयोग गरजूंसाठी होई. येथे देव काय करतो, असा प्रश्न नास्तिकानेही विचारण्याजोगा आहे. माझ्या मते तो त्या नौकेवरच्या कोणालाही मालक होऊ देत नाही. बांधावर हेच काम समुद्र करतो, कारण उधाणाला कोणाचे शेत मोठे आणि कोणाचे लहान हे ठाऊक नसते. नागोठण्याच्या परिसरात आज पेट्रोकेमिकलचा कारखाना उभा आहे. अशा कारखान्यांत टाकीच्या आत उतरणारा कामगार, बाहेरच्या माणसाने व्हॉल्व्ह बंद करून त्यावर लावलेल्या कुलपाच्या भरवशावर आपला जीव ठेवतो, आणि तेथे वायू हा तसाच निःपक्षपाती साक्षी असतो. दोघांमधला विश्वास केवळ दोघांवर तगत नाही. ज्याच्यापुढे दोघेही सारखेच उत्तरदायी आहेत असा तिसरा लागतो. चरीच्या खोताला असा तिसरा मान्य नव्हता. कसणाऱ्याच्या आणि त्याच्यामध्ये फक्त वाटा होता.

म्हणून विश्वासाची परीक्षा पाहावयाची झाल्यास भाषणे ऐकू नयेत. अमावास्येच्या उधाणाला बांधावर जावे. शेजाऱ्याच्या हद्दीत पाझर दिसताच जो त्याला हाक मारण्यात वेळ न घालविता ओंजळभर चिखल तेथे लावतो, आणि सकाळी ‘तुझ्या अंगाला बीळ आहे, बघून घे’ असे न संकोचता सांगतो, त्याच्या भरवशावर बाकीच्यांनी खुशाल झोपावे.