नवस न बोलता

"तुमचे लोक दुष्काळात ख्रिस्ती झाले ना?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मुलुंडच्या शाळेत मैत्रिणींनी विचारला, नोकरीत बरोबरच्या बायकांनी विचारला, लग्नानंतर सोसायटीतल्या काकूंनी शेजारी बसवून, अगदी मायेने विचारला. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं: पोटासाठी धरलेला देव कितीसा खरा? आमचे हे गेले त्यानंतर मला दुसराच प्रश्न येऊ लागला. "एवढं होऊनही तुमचं चर्च सुटलं नाही?" म्हणजे संकटामुळे आलेला विश्वास खोटा आणि संकटातही न सुटलेला विश्वास आंधळा. मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कधी? सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हाच?

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केलं, पण खेड्यापाड्यांतून माणसं मोठ्या संख्येने आली ती १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर. माझी खापरपणजी त्यांतली. आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी लपवली नाही. गावच्या विहिरीला तिला हात लावता येत नव्हता, घरात दाणा नव्हता, आणि मिशनच्या आवारात दोन्ही मिळत होतं. ती भाकरीसाठी गेली. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण ज्याने डोंगरावर हजारोंना आधी जेवू घातलं त्याच्याकडे भुकेने जाण्यात कमीपणा कसला? पण दुष्काळ सरला. मदतीचं धान्य थांबलं. गाव होतं तिथेच होतं, परतायला वाट होती. ती परतली नाही. उतारवयात अक्षरं शिकून ती स्तोत्रसंहिता वाचू लागली, असं माझी आजी सांगायची. ती का आली ते एका वाक्यात सांगता येतं. ती का राहिली याचं उत्तर तिच्या पुढच्या सगळ्या वर्षांत शोधावं लागतं, आणि ती वर्षं कुणी विचारत नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या हालांत गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पती पटकीने गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या विदुषीला पोटासाठी बाटली असं कुणी म्हणू शकत नाही. तरीही १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं: धर्म हाती आला होता, ख्रिस्त आला नव्हता. मला ही कबुली त्यांच्या सगळ्या विद्वत्तेहून मोठी वाटते. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली, उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आली. स्वतः उपाशी हिंडलेल्या मुलीने मोठेपणी केलेलं ते काम आहे. तिच्या विश्वासाचा आरंभ कोणत्या दिवशी धरायचा? वाँटेजच्या? आठ वर्षांनंतरच्या? की केडगावला त्या मुलींना जेवायला वाढलं त्या दिवशीच्या?

लक्ष्मीबाई टिळकांचं उलट. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्यांच्यावर हे संकट ख्रिस्तामुळेच कोसळलं होतं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही सोवळं सांभाळून होत्या. मग सोवळं सुटलं, जात सुटली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या, असं त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचून तरी कुणाला म्हणता येणार नाही. ही बाई प्रत्येक पाऊल भांडून टाकते.

माझी स्वतःची गोष्ट या दोघींपुढे लहान आहे. मी जन्माने ख्रिस्ती. संडे स्कूल, नाताळ, उत्तम शुक्रवारची उपासना, उपासनासंगीतातली टिळकांची भजनं, हे सगळं मला आजोळच्या अंगणासारखं आयतं मिळालं. ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तोवर मी देवाला काही मनापासून मागितलंच नव्हतं.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. घाटकोपरला एका धर्मादाय संस्थेच्या केंद्रात सकाळच्या पाळीला जागा मिळाली. पहाटेची स्लो लोकल पकडायची, डब्यात अळणी पोळीभाजी, बटाटा असला तर चिरून पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून शिजवलेला. दिवसभरात पाणी मोजून द्यायचं. मे महिन्यात तहानेने कासावीस झालेल्या माणसाला घोटभर पाणी नाकारणं किती कठीण असतं, ते नाकारणाऱ्यालाच ठाऊक. डाव्या हातात फिस्तुला केला होता, म्हणजे शीर आणि रोहिणी शस्त्रक्रियेने जोडलेली. तिच्यावर हात ठेवला की आत रक्त थरथरताना कळतं. ती थरथर थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, म्हणून रोज रात्री झोपण्याआधी मी त्यांच्या हातावर हात ठेवून पाहायची. आधी ती फक्त तपासणी होती. हळूहळू तीच माझी प्रार्थना झाली. शब्द संपले होते. बरं कर, असं म्हणून म्हणून मी थकले होते. हाताखाली ती थरथर लागली की एवढंच मनात यायचं: आजचा दिवस दिलास.

त्याच काळात घरी प्रार्थनेला येणारे काही जण म्हणायचे, "ताई, विश्वास कमी पडतोय. पूर्ण विश्वासाने मागा, मशीन सुटेल." त्यांचा हेतू चांगला असेल, पण या बोलण्याचा मला आजही संताप येतो. आजारी माणसावर आजाराचं ओझं असतंच, त्यावर हे आणखी अपराधाचं ओझं ठेवतात. ईयोबाचे मित्र हेच करत होते, आणि पवित्र शास्त्रात देव शेवटी रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं तक्रारीची आहेत. बहुतेक तक्रारी शेवटाकडे स्तुतीला वळतात. ८८ वं स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते गाळलं नाही. केंद्राबाहेरच्या बाकावर बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. देवाला 'तू ऐकत नाहीस' असं म्हणायची परवानगी देवाच्याच पुस्तकात आहे, हे कळलं, आणि मी पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोलले.

त्या बाकावर आम्ही बऱ्याच जणी असायचो. कुणी हरिपाठ म्हणायची, एक मुसलमान आजी तसबीह ओढत असायच्या, मरोळच्या एक ईस्ट इंडियन मावशी रोझरी करायच्या. त्या मावशींशी ह्यांचं चांगलं जमलं, कारण हे अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला होते आणि सीप्झच्या कुंपणाआड मावशींच्या पूर्वजांचं जुनं देऊळ आहे. मावशी चर्चला देऊळच म्हणायच्या. पोर्तुगीज काळात, १५७९ साली बांधलेलं संत जॉन बाप्टिस्टचं ते चर्च. १८४० च्या सुमाराला साथ आली, लोकांनी ती जागा सोडली आणि मरोळला नवं चर्च उभारलं. जुन्याचं छप्परही राहिलं नाही, तरी मे महिन्यात तिथे अजून मिस्सा होते. आमचा पंथ वेगळा, आम्ही प्रॉटेस्टंट. पण हे मला म्हणाले होते, "साथीत एवढी माणसं दगावली, तरी उरलेल्यांनी पहिल्यांदा काय बांधलं बघ." त्यांना स्वतःविषयी बोलायचं असलं की ते असंच दुसऱ्या कशाविषयी बोलत.

ते बरे झाले नाहीत. मशीन सुटलं ते त्यांच्याबरोबरच. दफनविधीनंतरच्या रविवारी मी उपासनेला गेले, कारण घरी बसवेना. काही महिन्यांनी प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना मला जाणवलं की आता माझ्याकडे मागायला काहीच उरलं नाही आणि तरीही मी इथे आहे. माझा खरा बाप्तिस्मा मी त्या दिवसापासून धरते. त्याआधी माझ्याकडे देवाविषयीची माहिती होती.

केंद्रात मी अजून जाते, बाकावरच्या मैत्रिणींसाठी. तिथे एक तरुण मुलगा आईला घेऊन येतो. घरात देव्हारा आहे, आई दर मंगळवारी उपास करते. मी काय वाचते म्हणून त्याने विचारलं, मग नवा करार मागून घेतला. एक दिवस म्हणाला, "काकू, आई मशीनवरून सुटली तर मी बाप्तिस्मा घेईन."

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, हा नवस झाला. नवस बोलायचा तर तुझ्या देव्हाऱ्यात बोल, त्यासाठी तुला घरचं दैवत सोडायचं कारण नाही. ख्रिस्ताकडे यायचं असेल तर आई सुटली नाही तरी यावंसं वाटतं का, ते आधी बघ. आणि आईशी बोल, तिच्यापासून लपवून काही करू नकोस.

काही आठवडे तो गप्प होता. मग आईला सगळं सांगून आला. ती रडली, पण पुस्तक वाचू नकोस असं म्हणाली नाही. आता तो अधूनमधून रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतो. पाळकसाहेबांनी त्याला शिकवायला घेतलं आहे, ईस्टरला बाप्तिस्मा द्यावा असं त्यांच्या मनात आहे. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे. आईची तब्येत खालावते आहे, आणि ती गेल्यावर या मुलाला देवाचा राग येणार, यायलाच हवा. तो राग त्याने कुणालाही न घाबरता बोलून दाखवावा, त्याच्या वयाच्या चार मुलांनी तेव्हा त्याच्याजवळ बसावं, आणि त्यानंतर त्याने ठरवावं. पाळकसाहेबांना हे पटलेलं नाही. ते म्हणतात, दुःख येण्याआधीच त्याला हाती धरायला काहीतरी हवं. येत्या बुधवारी आम्ही पुन्हा बोलणार आहोत, आणि या वेळी तो मुलगाही असणार आहे.