लोखंडासोबत उतरलेला तराजू



सोयाबीन निघाल्यानंतरच्या दिवसांत आमच्या वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत जाऊन पाहा. रिसोड असो, मालेगाव असो, मंगरुळपीर असो वा कारंजा, दृश्य सारखेच. शेतकऱ्याच्या मालाचा ढीग जमिनीवर ओतला जातो. खरेदीदाराचा माणूस त्यात हात खुपसून मूठभर दाणे काढतो, एका छोट्या यंत्राच्या डब्यात टाकतो आणि बटण दाबतो. काही क्षणांत काचेवर आकडा उमटतो : तेरा पूर्णांक काही, चौदा पूर्णांक काही. तो ओलाव्याचा आकडा. त्यानंतर बोलणे संपते. पूर्वी खरेदीदार दाणा दाताखाली धरून फोडत असे. शेतकरीही दुसरा दाणा फोडून म्हणू शकत असे, ‘शेठ, कडक आहे, आवाज ऐका.’ दात दोघांनाही होते. यंत्र मात्र एकाचेच असते.

ही यंत्रे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. मी याच जिल्ह्यातला. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले, काही वर्षे पुण्यात नोकरी केली आणि वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो. आज जे लिहीत आहे ते विद्वान म्हणून नव्हे. तुमच्यापैकी अनेकांची मुले माझ्यासारखीच तंत्रशिक्षण घेत आहेत आणि माझ्यापुढे आलेला प्रश्न उद्या त्यांच्यापुढेही येणार आहे, म्हणून लिहीत आहे.

या यंत्राचे काम कसे चालते ते आधी सांगतो, कारण सारी गोष्ट त्यातच दडलेली आहे. यंत्र पाणी मोजत नाही. धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाणे भरले की त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता ते मोजते. पाण्याचा हा गुण कोरड्या धान्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून दाण्यात पाणी जितके अधिक तितकी ही क्षमता अधिक, आणि तीवरून यंत्र ओलाव्याचा अंदाज बांधते. वाण बदलला, हवामान बदलले, यंत्र जुने झाले की हा अंदाज चुकतो. ओलाव्याची खरी कसोटी म्हणजे नमुना भट्टीत वाळवून आधीचे व नंतरचे वजन पाहणे. त्या कसोटीशी यंत्राचा आकडा जुळावा यासाठी आत एक सोय ठेवलेली असते. तीत थोडी बेरीज वा वजाबाकी करता येते. सोय प्रामाणिकपणासाठीच आहे. परंतु ती सांकेतिक शब्दामागे असते, इंग्रजी अक्षरांत असते, आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती आहे हेही ठाऊक नसते.

२०२४ च्या हंगामात एका व्यापाऱ्याकडे (गावाचे नाव मुद्दाम घेत नाही) मला बोलावणे आले. यंत्राची काच मध्येच अंधारत होती. मी ते उघडले, एक सैल जोड पक्का केला आणि सवयीने आतली नोंद पाहिली. तेथे दीड टक्का अधिक ठेवलेला होता. सोबत तपासलेला नमुना होता. त्यावर लावून पाहिले, तर यंत्र खरोखरच दीड टक्का जास्त सांगत होते. मुनीमजींना विचारले. ते हसून म्हणाले, ‘बाबू, ते घट-तुटीचं आहे. सगळेच ठेवतात. तू काचेचं बघ.’ मी काचेचेच पाहिले, पाचशे रुपये घेतले आणि उठलो. दारात एक म्हातारे शेतकरी उभे होते. डोक्याला पिवळा रुमाल, हातात मालाची चिठ्ठी. मला यंत्राचा माणूस समजून त्यांनी विचारले, ‘भाऊ, मशीन बरोबर झाली ना आता?’ मी म्हणालो, ‘हो, झाली.’

त्यांचा माल वीस क्विंटल होता. त्या व्यापाऱ्याकडे ओलाव्याच्या दर टक्क्यामागे क्विंटलला एक किलो कपात होती. दीड टक्का म्हणजे तीस किलो. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ रुपये. त्याने हिशेब केला तर १,४६७ रुपये होतात. बाजारातला भाव हमीभावाच्या खाली होता, म्हणून हजार-बाराशे धरा. त्याच हंगामात केंद्र सरकारने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. एकेका टक्क्याला शेतकऱ्याच्या घरात किती मोल असते, हे सरकारनेही जाणले होते. मला मात्र त्या दिवशी ते कळले नाही, किंवा कळूनही मी कळू दिले नाही.

घरी येऊन मगरिबची नमाज अदा केली. नमाजेत मन लागले नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. मन चांगले लागले होते. हीच गोष्ट मला पुढे अधिक भेडसावू लागली. पवित्र कुरआनात हज़रत शुऐब (अ.) यांच्या कौमचा प्रसंग सूरह हूदमध्ये आला आहे. मापात आणि वजनात कमी देऊ नका, असे त्यांनी बजावल्यावर त्या लोकांनी उपहासाने विचारले होते की, आमच्या मालाचे आम्ही काय करावे हेही आता तुमची नमाज ठरवणार काय? मदयनचे ते व्यापारी देवाच्या अस्तित्वावर वाद घालत बसले नव्हते. इबादत एका खोलीत आणि काटा दुसऱ्या खोलीत, एवढीच त्यांची मागणी होती. त्या संध्याकाळी माझ्याही घरात अशा दोन खोल्या होत्या.

तंत्रज्ञान हे मूल्यनिरपेक्ष असते, ते फक्त साधन आहे, चांगले-वाईट वापरणारा ठरवतो, हे वाक्य आम्हाला महाविद्यालयात शिकवले जाते. ते अर्धे खरे आहे. सूरह अल-हदीदच्या २५ व्या आयतीचा आशय पाहा : अल्लाहने प्रेषितांसोबत ग्रंथ आणि तराजू उतरवला, जेणेकरून लोकांनी न्यायावर कायम राहावे, आणि लोखंडही उतरवले, ज्यात मोठे सामर्थ्य आणि लोकांसाठी लाभ आहेत. एकाच आयतीत तिन्ही आले आहेत. लोखंडाला येथे ना शाप दिला आहे, ना त्याची आरती केली आहे. त्याचे सामर्थ्य मान्य केले आहे, लाभही मान्य केले आहेत. मात्र त्याच्या अगोदर तराजूचे नाव आहे. हज़रत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ करण्यात आले तेव्हाही (सूरह सबा, १०-११) त्यांना चिलखताच्या कड्या नेमक्या मापाने जोडण्याचा आदेश मिळाला आणि त्यालाच लागून सत्कर्माचा. कड्यांचे माप आणि सत्कर्म यांच्यामध्ये तेथे भिंत नाही. मी मात्र कडी जोडली होती आणि मापाकडे पाठ फिरवली होती.

हा एका बाजारपेठेचा किरकोळ प्रसंग आहे, राष्ट्राच्या प्रगतीशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. आमच्या कारंजावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी एक छोट्या रुळांची गाडी धावत असे. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणतात. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे जावा यासाठी एका विलायती कंपनीने हा मार्ग बांधला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. कारागिरी म्हणून त्या इंजिनाला माझा सलाम आहे; सत्तर वर्षे चालणारे यंत्र बनवणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. गरिबांनी त्या गाडीतून प्रवासही केला, लग्ने जुळवली, दवाखाने गाठले. पण रूळ टाकताना हिशेब कोणाचा होता? कापसाच्या गाठी सुखरूप बंदराला पोचाव्यात, एवढाच. पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे मोजायला त्या कंपनीकडे यंत्र नव्हते. आज ती गाडी बंद आहे आणि त्याच कारंजाजवळून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा मीही मित्रांसोबत पाहायला गेलो होतो आणि अभिमानाने छाती फुगली होती, हे लपवत नाही. रस्ता उत्तम आहे. परंतु शकुंतलेला विचारायचा राहून गेलेला प्रश्न या रस्त्याला विचारायलाच हवा, आणि तो विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

२०१८ साली केंद्र सरकारने जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत वाशिम आहे. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी अशा क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते आणि क्रमवारी लागते. मोजणे वाईट नाही. जे मोजले जात नाही ते विसरले जाते. माझी शंका वेगळी आहे. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यात यंत्र आले की, मोजला जाणारा मुका होतो. अंगणवाडीतल्या बाळाचे वजन असो, राशनच्या दुकानात अंगठ्याचा ठसा असो वा सोयाबीनचा ओलावा असो. मजुरीने झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, तेव्हा खोटा ठरतो तो अंगठा. यंत्र कधीच नाही.

याला उतारा म्हणून जुन्या काळाकडे बोट दाखवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आपली संस्कृती होती तोवर सर्व ठीक होते, असे त्यांचे म्हणणे. माझे आजोबा पायलीने धान्य मोजत. पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘बरकत’ म्हणत, मग ‘दोन’. शेजारचे पाटीलबाबा ‘लाभ’ म्हणत. दोघांच्याही मनात मोजणीची सुरुवात आपल्या हातात नाही, ही जाणीव असावी. ती गोड आठवण आहे. पण त्याच आजोबांनी मला हेही सांगितले होते की, काही सावकार घेताना पायलीला शीग लावत आणि देताना हात फिरवून सपाट करत. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांचा धिक्कार आहे ते नेमके हेच लोक : घेताना पुरेपूर, देताना कमी. तेव्हा पायली पवित्र आणि मीटर पापी, असा सोपा निकाल मला देता येत नाही. उलट खरे मीटर त्या शिगेपेक्षा कितीतरी न्यायी ठरू शकते. संस्कृती पायलीत नव्हती. पहिल्या मापाला हात घालताना ज्याची आठवण होई त्यात ती होती, आणि ती आठवण तेव्हाही अनेकांना होत नसे.

आमच्याच परंपरेत या आठवणीचा एक तंत्रज्ञ होऊन गेला. इ.स. ११२१ च्या सुमारास मर्व शहरात अब्दुर्रहमान अल-खाज़िनी यांनी ‘मीज़ानुल हिकमा’ हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. हवेत आणि पाण्यात वस्तू तोलून सोन्यातली भेसळ व खोटी रत्ने ओळखणाऱ्या तराजूचे वर्णन त्यात आहे. यंत्राच्या भागांकडे वळण्यापूर्वी ते न्यायाविषयी लिहितात. हा गृहस्थ मूळचा गुलाम. दरबारातून आलेले धन परत करून साधेपणाने राहिला, असे त्याचे चरित्र सांगते. मला वाटते, अशा माणसाच्या यंत्रावर बाजाराने विश्वास ठेवला असेल तो केवळ यंत्रामुळे नसेल.

मग माझ्यासारख्याने करायचे काय? मला उत्तर मदीनेच्या बाजारातल्या एका ढिगाऱ्यापाशी सापडले. हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. मालक म्हणाला, पाऊस लागला होता. प्रेषितांनी विचारले की, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे स्पष्ट केले. तेथे ओल विकणाऱ्याने लपवली होती. आमच्या बाजारात ओल मोजणारा लपवतो. आदेश दोघांना एकच लागू होतो : जे आत आहे ते वर ठेवा.

मागच्या वर्षापासून मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवर मोठ्या मराठी अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवतो : तपासल्याची तारीख, आत ठेवलेली बेरीज-वजाबाकी, भट्टीतल्या नमुन्याशी असलेला फरक. काही व्यापाऱ्यांना ती आवडली. त्यांच्याकडे आवक वाढली, असे ते स्वतः सांगतात. काहींनी ती दुसऱ्याच दिवशी खरडून काढली. ज्यांच्याकडे दीड टक्का पाहिला होता त्यांच्याकडे पुन्हा गेलो, ते पाचशे रुपये परत केले आणि कारण सांगितले. मुनीमजींनी पैसे ठेवून घेतले आणि आता त्यांच्याकडे दुसरा मुलगा दुरुस्तीला येतो. घरात यावरून दोन दिवस अबोला होता. अम्मीचे म्हणणे असे की, सचोटीने घराचा हप्ता फिटत नाही. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे मी तिला सांगू शकलो नाही, कारण हप्ता खरोखरच थकला होता.

एक हिशेब मात्र कोणत्याही चिठ्ठीने मिटत नाही. अल्लाहच्या हक्कांत कसूर झाली तर तौबाचे दार उघडे आहे. बंद्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत करावा लागतो किंवा त्या बंद्याकडूनच माफ करवून घ्यावा लागतो. नमाज-रोज्यांचे गाठोडे घेऊन येणारा आणि लोकांचे देणे फेडता फेडता रिकामा होणारा तो मुफ़लिस, ज्याचे वर्णन हदीसमध्ये आहे, तो मला आता अनोळखी वाटत नाही. त्या शेतकरीबाबांचे नाव मी विचारले नव्हते. त्यांच्या चिठ्ठीवरचे गाव वाचले नव्हते. त्या दिवसाच्या पट्ट्या पाहू द्या, अशी विनंती केली, ती मान्य झाली नाही. पाकिटात बाराशे रुपये वेगळे ठेवले आहेत. सोयाबीनच्या दिवसांत त्या बाजारपेठेच्या दारात, ट्रॉल्यांच्या रांगेजवळ, मी सकाळी तासभर उभा राहतो. पिवळे रुमाल पुष्कळ दिसतात. तुमच्या ओळखीत कोणी असे बाबा असतील, ज्यांनी त्या हंगामात वीस क्विंटल माल आणला होता आणि एका पोराला मशीन बरोबर झाली का म्हणून विचारले होते, तर त्यांना माझा सलाम सांगा आणि म्हणा की मशीन बरोबर झालेली नव्हती.