मुक्याचे वकीलपत्र

रात्रीच्या गाडीने कॅसलरॉकहून कुळ्याकडे घाट उतरणाऱ्या प्रवाशास खिडकीबाहेर काळोखावाचून काही दिसत नाही. त्या काळोखाला मात्र धनी पुष्कळ आहेत. घाटमाथ्यावर कर्नाटकाचा काळी व्याघ्र प्रकल्प, खाली गोव्याचे भगवान महावीर अभयारण्य, मधून रेल्वेचा मार्ग, आणि रानाच्या कुशीत पिढ्यानपिढ्या शेती करीत आलेली कुणब्यांची घरे. प्रत्येकाचा कागद कोठल्या ना कोठल्या कचेरीत आहे, निदान त्यासाठीचा अर्ज तरी आहे. ज्याचा कागद कोठेच नाही असा एक रहिवासी त्याच वेळी बिळातून बाहेर पडत असतो. त्याचे नाव खवले मांजर.

हा प्राणी नावापुरताच मांजर. त्याला दात नाहीत. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपून तो जगतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते व ते आईच्या शेपटीवर बसून हिंडते. संकट आले की हा जीव अंगाचे वेटोळे करून स्वस्थ पडून राहतो. श्वापदाच्या दातांना ते चिलखत दाद देत नाही. माणसाला मात्र त्यामुळेच त्याला पोत्यात घालणे सोपे जाते. खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. तरीही त्यांत औषधी गुण आहे या समजुतीपायी चीन व व्हिएतनामपर्यंत त्यांचा चोरटा व्यापार चालत आला. कायद्याने आपल्याकडून कसूर ठेवलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, आणि २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत राष्ट्रांनी त्याच्या व्यापारास पूर्ण मज्जाव केला. पण कायदा काही रात्री कंदील घेऊन रानात फिरत नाही. ते काम कोणा माणसाने करावे लागते.

अशी माणसे चिपळूण तालुक्यात निघाली. ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन या प्राण्याविषयी लोकांशी बोलावयास प्रारंभ केला. २०२० च्या फेब्रुवारीत डुगवे गावी वाघजाईच्या देवळात ‘खवलोत्सव’ झाला, आणि खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसविण्यात आली. कोणी सोवळे गृहस्थ याला थट्टा म्हणतील. मला तसे वाटत नाही. जिच्या नावातच वाघ आहे त्या देवीने आणखी एका रानजीवाला पदराखाली घेतले, तर तिच्या थोरवीस उणेपणा येण्याचे कारण नाही. गावाने त्या दिवशी प्राण्याला देव केले असे मी समजत नाही. त्याला गावच्या राखणीत घेतले, एवढाच मी त्याचा अर्थ करतो. कोकणात आणि गोमंतकात राखणदार म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको.

येथे माझ्यातील वकिलाला एक जुना खटला आठवतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळीवरून तंटा झाला. आपल्या पाळीत मूर्ती आपल्या घरी नेण्याचा अधिकार आपणास आहे, असे एका पाळीदाराचे म्हणणे होते. आपल्या देवस्थानांतही असे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याची चव निराळी सांगावी लागणार नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिचे हित सेवेकऱ्यांच्या हिताहून वेगळे असू शकते, आणि म्हणून तिची बाजू निःस्वार्थी वादमित्राकडून मांडली गेली पाहिजे. पुढे २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने प्राण्यांनाही कायदेशीर व्यक्ती ठरविले व नागरिकांना त्यांचे पालक म्हटले. तो विचार सर्वत्र मान्य झालेला नाही. पण रात्री बिळांवर नजर ठेवणारा स्वयंसेवक त्या वादमित्राचेच काम करीत असतो. ज्याच्यासाठी तो जागतो तो त्याला ओळखत नाही, त्याचे आभार मानीत नाही, किंबहुना त्याला पाहून पळून जातो. निष्काम कर्माचा याहून स्वच्छ नमुना कोणता, असे वाटून आपण येथेच थांबण्याचा मोह होतो.

पण थांबता येत नाही. २०२० च्या जानेवारीत याच डोंगररांगेत थोडे उत्तरेस, गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या गोळावली गावाजवळ, म्हादई अभयारण्यात एक वाघीण व तिचे तीन बछडे विष घालून मारण्यात आले. ज्यांची गुरे वाघाने मारली होती अशा कुटुंबातील माणसांवर त्याचा आरोप आला. त्या चार मृत्यूंचे समर्थन मी करणार नाही. तरीही गाय गमावलेल्या घराला वाघाच्या वतीने उपदेश करणारा जो पणजीचा, बेळगावचा किंवा मुंबईचा सज्जन असतो, त्याची गाय गोठ्यात सुखरूप असते. बहुधा त्याला गोठाच नसतो. कायद्याने निःस्वार्थी मित्र मागितला खरा. पण ज्याचे काही जावयाचेच नाही तो निःस्वार्थी आहे की केवळ दूर उभा आहे, हे कसे ओळखावे?

इंग्लंडातील माणसांनाही हा प्रश्न चुकला नाही. तेथे बॅजर नावाचा असाच एक बिळे खणणारा निशाचर आहे. १९९२ च्या कायद्याने त्याला व त्याच्या बिळाला संरक्षण दिले. तथापि तो गुरांत क्षय पसरवितो म्हणून २०१३ पासून सरकारनेच परवाने देऊन दोन लाखांहून अधिक बॅजर मारविले. त्या रात्रींत साधी माणसे दिवे घेऊन शेतांच्या पायवाटांवर पहारा करीत हिंडली. त्यांच्यासमोर उभे असलेले सारेच क्रूरकर्मे नव्हते. त्यांत आपली रोगी ठरलेली गुरे कत्तलीला गेलेली पाहणारे शेतकरीही होते.

माझ्यापुरते उत्तर असे आहे की राखण करणाऱ्याने नुकसानीतला काही वाटा आपल्या अंगावर घेतला पाहिजे. गाय मेली तर भरपाईचा अर्ज लिहून देण्यास आणि त्यासाठी कचेरीचे खेटे घालण्यास वाघाच्या मित्रानेच प्रथम जावे. जोयड्याचा कुणबी रान सोडण्यास राजी नसेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील त्याचा दावा चालविण्यास खवले मांजराच्या वकिलाने कचरू नये. गोव्यातील कुणब्यास २००३ मध्ये अनुसूचित जमातीचे स्थान मिळाले. घाट चढून आले की त्याच कुळीचा माणूस त्याच मागणीसाठी वर्षानुवर्षे निवेदने देत आलेला दिसतो. मुक्या जनावराची बाजू घेताना बोलत्या माणसाला मुके करणे हे मोठे सोपे आहे, आणि ते सद्‌हेतूने अधिकच सोपे होते.

हे ओझे वाढले की राखण करणारे थोडे उरतील, असा आक्षेप मला एका स्नेह्यांनी घेतला. उरोत थोडे. कामाची मात्र कमतरता नाही. कॅसलरॉक ते कुळे या मार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. गोवा फाउंडेशनसारख्या संस्था त्यासाठी झगडल्या, आणि विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार अशा कित्येकांनी मोलेच्या रानाची नोंद करून ती लोकांपुढे मांडली. पण न्यायालयाने दार कायमचे लावलेले नाही. परिणामांचा सविस्तर अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेस आहे. तो अभ्यास व्हावयाचा तर घाटातील रुळांवरून रात्री कोण ओलांडते, कोठे ओलांडते आणि पलीकडे पोहोचते की नाही, हे कोणीतरी मोजावे लागेल. ते मोजणे पावसाळ्यातही करावे लागेल, आणि कॅसलरॉकचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याचा अर्थ कळेल.