मागचा दिवा

नीतीचा उगम कुठे, असा प्रश्न बी.कॉम. झालेल्या माणसाला पडण्याचे वास्तविक काही कारण नाही. पण बँकेने मला तारण पाहायला धाडले आणि तो पडला.

झाले असे, की कोल्हापूरकडच्या आमच्या शाखेने एका आबांना ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी कर्ज दिले होते. ट्रॉली जागेवर आहे एवढे पाहायचे, सही ठोकायची, चहा घ्यायचा आणि परतायचे. गेलो तर मिस्त्री ट्रॉलीखाली उताणा. उसाचा हंगाम तोंडावर, म्हणून मागच्या दिव्यांचे वायरिंग चालले होते.

ट्रॉली बिचारी परावलंबी. ना इंजिन, ना बॅटरी. ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टांवर सारा संसार. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, टेल लँप आणि ब्रेक, अशा चार वायरी जोडून झाल्या. आबांनी ब्रेक दाबला, तर इंडिकेटर मिणमिणले! इंडिकेटर लावला, तर टेल लँप डोळे मिचकावू लागला. आमच्या शाखेतही असेच होते. विचारावे एका टेबलाला, उत्तर येते दुसऱ्याकडून.

मिस्त्री खालूनच ओरडला, "सायेब, हिला अर्थच न्हाई!"

मी दचकलो. मग कळले, अर्थ म्हणजे अर्थिंग. वीज दिव्यापर्यंत जाते खरी, पण तिला परतीची वाट लागते. गंजलेल्या हुकावर भिस्त ठेवली, की ती भलत्याच दिव्यातून वाट काढते. मिस्त्रीने पाचवी वायर ओढली, गंज खरवडून उघड्या लोखंडावर बोल्टने आवळली आणि ट्रॉली शहाण्यासारखी वागू लागली.

आबा मात्र खट्टू. "येवढा खर्च केला, पर ह्ये दिवे मला दिसणार कवा? मी तर पुढं बघणार!"

मुद्दा हिशेबाचा होता. खर्च आबांच्या नावे आणि जमा मागून येणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या खाती! शिवाय न झालेल्या अपघाताबद्दल आभार मानायला कुणी येत नसते. पुढचा दिवा हा स्वार्थ, मागचा तो परमार्थ. आणि अर्थ दोन्हींना लागतोच.

हे काही मी बोललो नाही. एवढेच सांगितले, की गेल्या हंगामात रात्री स्कूटरवरून घरी जाताना अंधारात एकदम ऊसच समोर आला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मी शेतात गेलो म्हणून आज तारण पाहायला आलो.

आबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "कुठल्या रस्त्याला, सायेब?"

मी रस्ता सांगितला नाही. चहा संपवला, सही केली आणि परोपकाराचे विचार घोळवत अंधारातून घरी निघालो. तोच एक पोरगा मोटारसायकल शेजारी आणून ओरडला, "काका, तुमचा मागचा लाइट बंद हाय!"

किती दिवसांपासून, कोण जाणे. मी तर पुढे बघत होतो.